प्रगणकाला आपण काय सांगतो?

२००१ च्या जनगणनेची धर्मनिहाय माहिती २००४ मध्ये प्रथमच सविस्तर प्रसिद्ध झाली. त्या एकाच अहवालात आपल्या समाजाविषयी दोन आकडे होते. जैनांमधील साक्षरतेचे प्रमाण ९४.१ टक्के आणि जैन स्त्रियांमधील साक्षरता ९०.६ टक्के, म्हणजे देशातील सहा प्रमुख धर्मसमूहांत सर्वाधिक. हा झाला पहिला आकडा. दुसरा असा की, जैन स्त्रियांपैकी काम करणाऱ्या केवळ ९.२ टक्के. हे प्रमाण त्याच सहा समूहांत सर्वांत कमी होते. हिंदू स्त्रियांमध्ये ते २७.५ टक्के होते, तर मुस्लिम स्त्रियांमध्ये १४.१ टक्के. पहिला आकडा सभा-संमेलनांच्या व्यासपीठांवरून आपण अनेकदा ऐकला. दुसऱ्याचा उच्चार मात्र क्वचितच होतो.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणताही आकडा दिसला की त्याच्या मागची नोंद कशी झाली असेल, हे पाहण्याची सवय जडली आहे. ताळेबंदातील रक्कम बरोबर असण्यासाठी मुळातले व्हाउचर बरोबर लिहिलेले असावे लागते. जनगणनेचे व्हाउचर आपल्याच दारात लिहिले जाते. प्रगणक प्रश्न विचारतो आणि घरातील कोणीतरी एक जण, बहुधा वडीलधारा पुरुष, साऱ्या कुटुंबाच्या वतीने उत्तरे देतो. ती उत्तरे देताना आपल्या मनात काय असते आणि त्यामुळे सरकारी आकडेवारीत काय येते व काय येत नाही, हा या लेखाचा विषय आहे. २०२७ ची जनगणना होऊ घातली असताना त्याचा विचार आधीच झालेला बरा.

९.२ टक्क्यांचा अर्थ

प्रथम त्या आकड्याला न्याय देऊ. ‘काम सहभाग दर’ काढताना कामकरी व्यक्तींच्या संख्येला एकूण लोकसंख्येने भागतात. एकूण लोकसंख्येत तान्ही मुले, शाळकरी मुली आणि नव्वदीच्या आजीही येतात. त्यामुळे तो दर कोणत्याही समाजात वाटतो त्याहून कमीच दिसतो. दुसरे असे की, २००१ मध्ये जैनांपैकी सुमारे ७६ टक्के लोक शहरांत राहत होते. ग्रामीण भागात शेतीमुळे स्त्रियांचा दर उंचावतो, शहरात तो सर्वांचाच घसरतो. त्या वर्षी देशातील सर्व शहरी स्त्रियांचा दर ११.९ टक्के होता. तेव्हा ९.२ ची तुलना २७.५ शी करण्यापेक्षा ११.९ शी करणे अधिक योग्य. अंतर पुष्कळ कमी होते, पण उरते.

आता हे उरलेले अंतर कशामुळे? घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे पूर्वी कमी होत्या, हे खरे आहे. परंतु त्या वेळच्या कांदिवलीत महावीर नगरपासून चारकोपपर्यंतच्या इमारतींत काय चालत असे, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. खाखरा, पापड, सुके नाश्ते आणि लोणची घरोघर होत असत. इमिटेशन दागिन्यांची जोडणी होत असे. दुपारच्या शिकवण्या चालत. एस. व्ही. रोडवरच्या दुकानाचे बिल फाडणे आणि उधारीची वही सांभाळणे ही कामे सुना करीत. या स्त्रियांपैकी किती जणींची नोंद ‘काम करते’ अशी झाली असेल?

काम कशाला म्हणायचे

जनगणनेची व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा बरीच उदार आहे. आर्थिकदृष्ट्या उत्पादक अशा कोणत्याही कार्यात भाग घेणे म्हणजे काम. मग त्याबद्दल मजुरी, पगार वा नफा मिळो अथवा न मिळो. काम शारीरिक असेल वा बौद्धिक, इतरांच्या कामावर देखरेख करणे हेही काम. कौटुंबिक शेतीत किंवा घरच्या धंद्यात विनामोबदला केलेली मदत, तीही अर्धवेळ, याच व्याख्येत बसते. १९९१ पासून तर मूळ प्रश्नातच शेतीतील वा कौटुंबिक व्यवसायातील विनावेतन कामासह, असा खुलासा जोडण्यात आला, तो मुख्यतः स्त्रियांचे काम नोंदीतून निसटू नये म्हणून. वर्षात ६ महिने किंवा अधिक काम करणारी व्यक्ती ‘मुख्य कामकरी’ आणि त्याहून कमी काळ करणारी ‘सीमांतिक कामकरी’.

श्रमबळाची नियमित पाहणी एप्रिल २०१७ पासून होते. तिच्यात प्रत्येक व्यक्तीला एक संकेतांक दिला जातो. स्वतःचा धंदा चालवणाऱ्यास ११, माणसे कामाला ठेवून धंदा करणाऱ्यास १२, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्यास २१. हे तिन्ही कामकरी गटात मोडतात. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीचा संकेतांक ९२. तो कामकरी गटात येत नाही. दुकानावर दररोज चार तास बसणाऱ्या सुनेचा खरा संकेतांक २१ होय. मात्र सासऱ्यांनी ‘ती घरीच असते’ असे सांगितले की तिच्या नावापुढे ९२ पडतो. पाहणी करणाऱ्याने खोदून विचारले नाही, तर तो तसाच राहतो.

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात ७ गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. आज या संस्थेत हजारो भगिनी सभासद आहेत. भल्या सकाळी शाखेतून पिठाचा गोळा न्यायचा, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड जमा करून वणाई घ्यायची, ही तिची पद्धत. या भगिनी संस्थेच्या मालकही आहेत. तथापि त्यांचे काम घराच्या चार भिंतींआड, पोळपाटावर होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते रोजच्या स्वयंपाकापेक्षा वेगळे दिसत नाही आणि घरातील पुरुषालाही कित्येकदा ते ‘थोडेसे हातखर्चाचे’ वाटते. व्याख्येनुसार ती स्त्री निःसंशय कामकरी आहे.

निव्वळ घरकामाचा प्रश्न याहून निराळा. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे व वृद्धांचे संगोपन यांची गणना जनगणनेच्या ‘कामात’ होत नाही. २०१० मध्ये एका मोटार अपघातातील नुकसानभरपाईच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर तीव्र नापसंती व्यक्त केली होती. गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या पंक्तीला बसवून अनुत्पादक ठरवणारे वर्गीकरण न्यायमूर्तींना मान्य नव्हते. पुढे २०१९ मध्ये केंद्र शासनाने वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ मिनिटांवर आला. पाच वर्षांत १० मिनिटांची सवलत मिळाली म्हणायची!

नोंद नसल्याची किंमत

नोंद झाली काय अन् न झाली काय, काम तर होतेच ना, असे कोणी म्हणेल. कर्जविभागात काम करताना या प्रश्नाचे उत्तर मला वारंवार दिसत असे. पंधरा-वीस वर्षे घरी नाश्त्याचे पदार्थ करून विकणारी बाई मोठे यंत्र घेण्यासाठी अर्ज घेऊन येई. तिचा हिशेब तोंडपाठ असे. बेसनाचा भाव, तेलाचा डबा, गॅस, मजुरी, उधारी, सारे ती पैशापर्यंत सांगे. आणि अर्जातील ‘व्यवसाय’ या रकान्यात घरच्यांनी लिहिलेले असे, ‘गृहिणी’. आयकर विवरणपत्र पतीच्या नावे, विक्रीचे पैसे पतीच्या खात्यात, मालाची पावती दुकानाच्या नावावर. वीस वर्षांच्या कष्टांचा एकही कागद तिच्या नावाचा नसे. नियमांच्या चौकटीत राहून अधिकाऱ्याने काय करावे? बहुतेक वेळा कर्ज पतीच्या नावावर मंजूर होई आणि ती जामीनदार म्हणून सही करी.

पती अकाली गेला तर याची खरी झळ लागते. व्यापारातील येणी कोणाकडे किती, याची माहिती तिच्या डोक्यात असते, पण हक्क सांगायला कागद नसतो. भाऊबंद सज्जन असले तर निभावते.

प्रगणकाच्या रकान्यात ‘काम करते’ लिहिल्याने हे सारे एका दिवसात बदलेल, असे मुळीच नाही. जनगणनेतील व्यक्तिगत नोंद बँकेला वा न्यायालयाला दाखवण्यासाठी नसतेच. मात्र एखाद्या प्रभागात घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रिया ५०० आहेत की ५,०००, यावर प्रशिक्षण केंद्र, पाळणाघर, कर्जयोजना आणि विमायोजना यांची आखणी ठरते. शिवाय जी गोष्ट आपण सरकारी माणसाला सांगताना संकोचतो, ती घरच्या कागदांवरही उतरत नाही.

‘काम नसलेले घर’

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ब्रिटनमध्ये ‘काम नसलेली कुटुंबे’ या विषयाची आकडेवारी नियमित प्रसिद्ध होते. ज्या घरात १६ ते ६४ वयाची निदान एक तरी व्यक्ती आहे आणि १६ वर्षांवरील कोणीही कामावर नाही, ते घर या व्याख्येत येते. केवळ निवृत्त वृद्धांची घरे आपोआप वगळली जातात, कारण त्यांच्याविषयी चिंतेचे कारण निराळे. अशा घरांत वाढणारी मुले किती, हाही आकडा वेगळा काढला जातो.

आपल्याकडील श्रमबळ पाहणीत शहरी कुटुंबांची विभागणी त्यांच्या उत्पन्नाच्या मुख्य मार्गानुसार होते: स्वयंरोजगार, नियमित वेतन, नैमित्तिक मजुरी आणि ‘इतर’. हे ‘इतर’ म्हणजे निवृत्तिवेतन, घरभाडे, व्याज आणि दुसऱ्यांकडून येणारे पैसे यांवर चालणारी घरे. कांदिवलीत अशी घरे किती दिसतात! माझ्यासारखा निवृत्त अधिकारी, त्याची पत्नी, निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज, मुलगा परदेशात. आमच्या घरात कामकरी कोणी नाही, पण आम्ही विवंचनेत नाही. दुसरे घर कदाचित त्याच जिन्यावरचे. करोनाच्या काळात दुकान बंद पडले ते पुन्हा उघडले नाही. घरातील कर्ता पुरुष पंचेचाळिशीचा. घर चालते ते थोरल्या भावाने दरमहा पाठवलेल्या रकमेवर. उत्पन्नाचा मार्ग पाहिला तर दोन्ही घरे ‘इतर’ या एकाच रकान्यात बसतात. या रकान्याचा एकच एकत्रित आकडा वाचणाऱ्याला दुसरे घर दिसत नाही.

आणि पुष्कळदा ते या रकान्यातही येत नाही. कारण प्रश्न विचारला असता त्या घरातून उत्तर मिळते, ‘आमचा धंदा आहे.’ गाळ्याला कुलूप लागून चार वर्षे झालेली असतात. बेकार म्हणवून घेणे आपल्या व्यापारी संस्कारात फार जड जाते. मुलीचे लग्न ठरायचे असते, बाजारातील पत सांभाळायची असते. त्यामुळे पाहणीत त्या गृहस्थाची नोंद ‘स्वयंरोजगार’ अशी होते.

थोडक्यात, एकाच इमारतीत काम करणारी सून ‘घरीच असते’ आणि घरी बसलेला मुलगा ‘धंदा करतो’. दोन्ही उत्तरे एकाच भावनेतून येतात, घराच्या अब्रूच्या. सुनेने कमावणे आणि मुलाने न कमावणे ही दोन्ही जणू घराच्या कमीपणाची लक्षणे. परिणामी आपल्या समाजाविषयीच्या आकड्यांत स्त्रियांचे काम खरे आहे त्याहून कमी दिसते आणि पुरुषांची बेकारी खरी आहे त्याहून कमी. समाजाच्या साहाय्य निधीतून कोणाला हात द्यायचा, हे ठरवताना आपल्या संस्थांनाही नेमकी हीच अडचण येते.

मूळ गाव, जन्मगाव, मागचे गाव

स्थलांतराच्या प्रश्नांत अब्रूपेक्षा जिव्हाळा आडवा येतो. ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले की आपण अभिमानाने सांगतो, आम्ही मूळचे इचलकरंजीचे, आम्ही बारामतीचे, आम्ही कच्छचे, आम्ही मारवाडचे. कांदिवलीत जन्मलेली तिसरी पिढीही हेच सांगते. जनगणनेला मात्र मूळ गाव नको असते. तिला हवे असते जन्मस्थान आणि येथे येण्यापूर्वीचे शेवटचे निवासस्थान. शिवाय येथे किती वर्षे राहता आणि का आलात. १९७१ पासून शेवटच्या निवासस्थानाचा आणि १९८१ पासून कारणाचा प्रश्न विचारला जाऊ लागला. ज्या मुलाने इचलकरंजी केवळ सुट्टीत पाहिली, त्याच्या नावापुढे ते गाव लिहिले गेले तर न झालेले स्थलांतर कागदावर घडते.

या व्याख्यांतून काही गमतीही निर्माण होतात. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सांगलीला जन्मलेले आणि दोन महिन्यांनी कांदिवलीला आणलेले बाळ जनगणनेत स्थलांतरित ठरते. त्यासाठी ‘जन्मानंतर स्थलांतर’ असे स्वतंत्र कारण आहे. २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ३७ टक्के लोक स्थलांतरित नोंदले गेले. त्यांतील स्त्रियांचे सर्वांत मोठे कारण विवाह. लग्न होऊन मुंबईत आलेली आणि पुढे तीस वर्षे शिक्षिकेची नोकरी केलेली स्त्री या रकान्यात ‘विवाह’ एवढीच राहते.

उलट ज्या स्थलांतराने आपल्या कुटुंबांचे जीवन पालटले, ते या तक्त्यांत दिसतच नाही. भुलेश्वर, काळबादेवी, पायधुनी हा भाग महापालिकेच्या ‘सी’ प्रभागात येतो. २००१ मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ३ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ६६ हजारांवर आली. त्याच दशकात कांदिवलीचा ‘आर दक्षिण’ प्रभाग सुमारे ५ लाख ९० हजारांवरून ६ लाख ९१ हजारांवर गेला. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली, तर उपनगर जिल्ह्याची ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांपर्यंत वाढली. चाळीतील दोन खोल्या सोडून ठाकूर कॉम्प्लेक्समध्ये वा महावीर नगरात आलेली असंख्य कुटुंबे या फरकामागे आहेत. परंतु एकाच गावाच्या किंवा शहराच्या हद्दीत घर बदलले तर जनगणना त्याला स्थलांतर म्हणत नाही, आणि भुलेश्वर ते कांदिवली या प्रवासात बृहन्मुंबईची हद्द ओलांडावी लागत नाही. दहिसरहून लगतच्या मीरा रोडला गेलेले कुटुंब मात्र दुसऱ्या महापालिकेत जाते, म्हणून स्थलांतरित ठरते. १९५७ पूर्वी कांदिवलीही मुंबईच्या हद्दीबाहेरच होती. त्या वर्षी दहिसर आणि मुलुंडपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली.

‘तब्येत बरी आहे’

आरोग्याच्या आकड्यांची गोष्ट याहून नाजूक. मुंबईने त्याचा धडा फार पूर्वी घेतला आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याच्या भीतीने घरोघर आजारी माणसे लपवली गेली. १८९१ मध्ये ८ लाख २१ हजारांवर असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ७ लाख ७६ हजार भरली. त्यात मृत्यू होते आणि शहर सोडून पळालेली माणसेही होती.

आज भीती निराळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून होते आणि तिचे काम आपल्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. याच संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची देशव्यापी पाहणी केली, जेणेकरून वाढत्या वयाचे प्रश्न समजावेत. या पाहण्यांचे कर्मचारी दारी येतात तेव्हा ‘तब्येत बरी आहे’ हे उत्तर किती सहज निघते! क्षयरोग, मनोविकार आणि अपस्मार यांचा उच्चार करायचा नाही, कारण घरात लग्नाची मुलगी आहे. वयस्क स्त्री तर आपले दुखणे घरच्यांनाही सांगत नाही, मग परक्याला काय सांगणार? काही पाहण्यांत रक्तदाब आणि रक्तातील साखर प्रत्यक्ष मोजतात, म्हणून निदान तेवढे तरी उघड होते.

मृत्यूच्या नोंदीतही हेच घडते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूचे कारण विनाशुल्क लिहून द्यायचे असते. अनेक दाखल्यांवर केवळ ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिलेले आढळते. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी थांबते. ते मधुमेहाने थांबले, मूत्रपिंडाच्या विकाराने की कर्करोगाने, हे लिहिले गेले तरच पुढच्या पिढीसाठी काही उपयोग.

येत्या जनगणनेसाठी

२०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली. त्यामुळे आज रस्ते, शाळा, दवाखाने आणि शिधावाटप यांचे नियोजन २०११ च्या आकड्यांवर चालते. २०२७ च्या जनगणनेचे दोन टप्पे आहेत. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्यनिहाय वेगवेगळ्या तारखांना आणि प्रत्यक्ष लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. माहिती स्वतः संगणकावर वा मोबाइलवर भरण्याचीही सोय आहे. म्हणजे या वेळी उत्तर देताना आपल्याला विचार करायला सवड मिळेल.

जनगणनेला दिलेल्या माहितीला १९४८ च्या जनगणना कायद्याचे संरक्षण आहे. कोणाचीही व्यक्तिगत नोंद दुसऱ्याला पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणून न्यायालयातही चालत नाही. आयकर खात्याकडे ती जाईल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. पतीचे नाव उच्चारण्याची रूढीने मनाई असलेल्या स्त्रीवर ते सांगण्याची सक्ती करू नये, इतका बारकावाही त्या कायद्याने जपला आहे.

धर्माच्या रकान्याविषयी आपल्या संस्था वेळोवेळी आवाहन करतात. २०११ मध्ये देशात ४४ लाख ५१ हजार जैन नोंदले गेले, त्यांतील १४ लाख महाराष्ट्रात. दहा वर्षांतील वाढ सुमारे ५.४ टक्के होती, सर्व प्रमुख धर्मसमूहांत सर्वांत कमी. याचे एक कारण कमी जन्मदर, हे उघड आहे. २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत जैनांचा एकूण जननदर १.६ होता, देशाचा २.०. दुसरे कारण अपुरी नोंद, असे मानणारे पुष्कळ आहेत. तेव्हा धर्म ‘जैन’ आणि घरात बोलतो ती मातृभाषा, मराठी असेल तर ‘मराठी’, स्पष्टपणे सांगावी. आडनावावरून अंदाज करण्याचे काम प्रगणकावर सोडू नये.

पण माझी विनंती तेवढ्यावर थांबत नाही. प्रगणक येण्यापूर्वी एका रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने, सुनेने आणि सासूनेही, स्वतःविषयीची उत्तरे स्वतः ठरवावीत. गेल्या वर्षभरात घरच्या धंद्यात, दुकानात वा शेतात कोणी कोणी हातभार लावला, घरी बसून विक्रीसाठी काय केले, शिकवण्या किती घेतल्या, हे आठवून लिहावे. ज्याच्या हाताला काम नाही आणि जो ते शोधतो आहे, त्याने तसे सांगावे. जन्मगाव आणि मागचे गाव वेगवेगळे नोंदवावे. परदेशात स्थायिक झालेला मुलगा कितीही आपला असला, तरी मोजणीच्या संपूर्ण काळात तो येथे नसेल तर त्याचे नाव या घरात घालू नये. आजोबा-आजी मुलाकडे आणि मुलीकडे आलटून पालटून राहत असतील, तर त्यांची नोंद दोन्हीकडे होणार नाही किंवा दोन्हीकडून राहून जाणार नाही, हे पाहावे.

या बैठकीला अर्धा तास पुरेल. एखाद्या घरात त्या निमित्ताने पहिल्यांदाच असा हिशेब निघेल की, दुकानाच्या उत्पन्नात सुनेच्या श्रमांचा वाटा किती आहे. तो निघाला तर प्रगणकाची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी तिच्या नावाने बँकेत खाते उघडावे आणि तिच्या कामाचे पैसे त्यात जमा करण्यास आरंभ करावा.